‘कर्तव्य हा सर्वांत उदात्त शब्द’ : जनरल ली यांनी मुलाला न लिहिलेलं पत्र

पत्रपारखी

एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी अधिकाऱ्याने मुलाला लिहिलेलं पत्र असा विषय निघाला की इंग्रजी सुविचारसंग्रहांत हटकून एक पत्र सापडतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती असलेले रॉबर्ट ई. ली यांनी थोरला मुलगा कस्टिस याला लिहिलेलं. मथळा ‘आर्लिंग्टन हाउस, ५ एप्रिल १८५२’. त्यातलं गाजलेलं वाक्य साधारण असं : कर्तव्य हा आपल्या भाषेतला सर्वांत उदात्त शब्द आहे, प्रत्येक बाबतीत आपलं कर्तव्य कर, त्याहून जास्त तुला करता येणार नाही आणि त्याहून कमी करावंसं तुला कधी वाटू नये.

हे पत्र बनावट आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स ग्रेव्हज यांनी १९१४ मध्ये व्हर्जिनियाच्या वकील संघटनेपुढे ते सिद्ध केलं. पुढे लींचे चरित्रकार फ्रीमन यांनीही ते खोटंच धरलं. तरी ते फिरायचं थांबत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या थोर अमेरिकनांच्या स्मारकदालनात लींच्या नावाच्या पाटीवर हेच वाक्य कोरलं होतं.

धागा काढण्याचं कारण ‘खोटं आहे’ एवढं सांगणं नाही. ते खोटं कसं ठरतं, हे टप्प्याटप्प्याने पाहावं असं वाटलं, कारण जुन्या खाजगी पत्राची पारख करायला याहून चांगला नमुना मिळणं कठीण. मूळ कागद कोणाच्याही हातात नाही. हातात आहे तो फक्त छापलेला मजकूर. म्हणजे शाई, कागद, अक्षर यांतलं काहीही तपासता येत नाही. मग उरतं काय? मजकुरातली विधानं, आणि लिहिणारा त्या दिवशी काय करत होता याची इतर साधनं.

आता पहिलंच वाक्य घ्या. त्यात बाप म्हणतो की मी न्यू मेक्सिकोला निघतोच आहे, माझ्या जुन्या नामी रेजिमेंटला तिकडे जायचा हुकूम झालाय, तिची नीट व्यवस्था लागते ना हे पाहायला मला घाईने गेलं पाहिजे.

एप्रिल १८५२ मध्ये लींना रेजिमेंटच नव्हती! ते इंजिनियर कोअरमध्ये होते आणि बाल्टिमोर बंदरात फोर्ट कॅरोलचं बांधकाम पाहत होते. पाण्यात खांब ठोकून किल्ल्याचा पाया घालण्याचं काम. मे महिन्याच्या अखेरीस त्यांना वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे प्रमुख म्हणून जाण्याचा हुकूम आला आणि १ सप्टेंबर १८५२ ला त्यांनी तिथला कारभार हाती घेतला. यात न्यू मेक्सिको कुठेच बसत नाही.

सुमेधा_क

एक शंका. मेक्सिकोच्या युद्धानंतर ली ‘कर्नल’ म्हणवले जात होते ना? कर्नल म्हणजे रेजिमेंटचा प्रमुख. मग ‘माझी रेजिमेंट’ म्हणण्यात चूक काय?

पायदळ

सुमेधाताई, इथेच बहुतेकांची गफलत होते. त्या काळच्या अमेरिकन सैन्यात एका माणसाला दोन हुद्दे असू शकत. एक कायम हुद्दा आणि दुसरा ‘ब्रेव्हेट’, म्हणजे पराक्रमाबद्दल दिलेला मानाचा हुद्दा. चापुल्टेपेकच्या लढाईनंतर (सप्टेंबर १८४७) ली ब्रेव्हेट कर्नल झाले, पण कायम हुद्दा कॅप्टनचाच होता, १८३८ पासूनचा. ब्रेव्हेटने पत्रावर ‘कर्नल’ लिहिता येतं. रेजिमेंट त्याच्याबरोबर मिळत नाही. शिवाय इंजिनियर कोअर ही अधिकाऱ्यांची शाखा, पायदळ-घोडदळासारख्या रेजिमेंटांत विभागलेली नव्हे. तिथला कॅप्टन किल्ले, बंदरं, नद्यांचे प्रवाह यांवर नेमला जाई.

लींना रेजिमेंट मिळाली ती १८५५ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये काँग्रेसने दोन नव्या घोडदळ रेजिमेंटांना मंजुरी दिली आणि त्यांतल्या दुसऱ्या घोडदळात ली लेफ्टनंट कर्नल झाले. म्हणजे तिथेही दुय्यम, वर कर्नल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन. आणि ती रेजिमेंट गेली टेक्सासला.

आता बनावट करणाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. पत्र पहिल्यांदा छापलं गेलं ते १८६४ मध्ये. तेव्हा लोकांना ली माहीत होते ते घोडदळातून आलेले, पश्चिमेच्या सरहद्दीवर राहिलेले कर्नल म्हणून. त्याने ती माहिती उचलली आणि १८५२ च्या तारखेवर चिकटवली. ‘जुनी नामी’ म्हणून जी रेजिमेंट सांगितली ती जन्मालाच यायची होती. पुढच्या काळातली गोष्ट मागच्या तारखेत शिरणं ही बनावट कागदाची सगळ्यांत पक्की खूण. अक्षर हुबेहूब काढता येतं, पण लिहिणाऱ्याच्या दिनक्रमातलं प्रत्येक वर्ष ठाऊक असणं फार अवघड.

रुमाल३२

पायदळ यांचा मुद्दा बिनतोड. आपल्याकडे मराठी कागदांतही हेच होतं. पत्रात ज्याला एखादा किताब लावलेला असतो तो किताब त्याला त्या तारखेनंतर मिळालेला निघतो, आणि कागद तिथेच पडतो.

मात्र एक फरक लक्षात ठेवावा. मराठी पत्रात ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असते, कधी वारही असतो, पण साल पुष्कळदा नसतं. तिथे जंत्री घेऊन बसता येतं, वार आणि तिथी जुळत नसेल तर संशय घेता येतो. इंग्रजी खाजगी पत्रात नुसती तारीख असते, त्यामुळे जंत्रीचा सरळ उपयोग होत नाही. ५ एप्रिल १८५२ ला सोमवार होता, पण पत्रात वारच नसेल तर त्याने काही सिद्ध होत नाही.

पण याच पत्रात तारखांचा आणखी एक धागा आहे. बाप म्हणतो, तुझी २६, २७ आणि २८ मार्चची पत्रं मिळाली. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार, लागोपाठ तीन दिवस तीन पत्रं. कस्टिस तेव्हा वेस्ट पॉइंटला दुसऱ्या वर्षात होता. गणित, कवायत आणि तपासण्यांनी भरलेला तिथला दिवस पाहता कॅडेटने रोज एक पत्र घरी धाडावं, हे पटणं कठीण. याला पुरावा म्हणणार नाही. समासात नोंदून ठेवावी अशी गोष्ट, एवढंच.

पत्रपारखी

बरोबर. ‘नोंदून ठेवावी’ आणि ‘पुरावा’ यांतला फरक जपलाच पाहिजे. आणखी एक मुद्दा लोक उगाच जोरात मांडतात : ली बाल्टिमोरला होते, मग मथळ्यात आर्लिंग्टन कसं? हा युक्तिवाद टिकत नाही. बाल्टिमोर ते वॉशिंग्टन हे अंतर सुमारे ४० मैल आणि मध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वे धावत होती. पोटोमॅक ओलांडली की समोरच्या टेकडीवर आर्लिंग्टन, म्हणजे लींचं सासर. दोन दिवस घरी येऊन तिथून पत्र लिहिणं अगदी शक्य. ठिकाण कच्चा मुद्दा, रेजिमेंट पक्का. कच्चा मुद्दा पुढे केला की समोरचा तो खोडतो आणि पक्क्यावरही संशय घेतो.

तसाच मालकीच्या साखळीचा, म्हणजे कागद कोणाकडून कोणाकडे गेला याचा मुद्दा. पत्र पहिल्यांदा छापलं गेलं ते न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्रात, २६ नोव्हेंबर १८६४ रोजी. त्या दिवशी ली पीटर्सबर्गच्या खंदकांत वेढ्यात होते, कस्टिस दक्षिणेच्या सैन्यात मेजर जनरल, आणि न्यूयॉर्क शत्रूचं शहर. मुलाच्या पेटीतलं पत्र तिथे पोचलं कसं? यावर कोणी म्हणेल की कस्टिस १८५४ मध्ये पदवी घेऊन आला तेव्हा पत्रं घरी ठेवली असतील, आणि मे १८६१ मध्ये उत्तरेच्या सैन्याने आर्लिंग्टन ताब्यात घेतलं तेव्हा ती बाहेर गेली असतील. हेही अशक्य नाही. म्हणून साखळी तुटलेली दिसली की ‘मूळ दाखवा’ म्हणायचं, ‘खोटं’ म्हणायची घाई करायची नाही. इथे मूळ कधीच कोणी दाखवलं नाही.

टपालखूण

मूळ उद्या कोणी लिलावात आणलं तर काय पाहावं, ते टपालाच्या बाजूने सांगतो.

१ जुलै १८५१ पासून अमेरिकेत अर्ध्या औंसापर्यंतच्या (१४ ग्रॅमच्या आसपास) पत्राला ३,००० मैलांपर्यंत आगाऊ भरल्यास ३ सेंट आणि न भरल्यास ५ सेंट असा दर होता. तेव्हा एप्रिल १८५२ च्या पत्रावर एकतर १८५१ च्या मालिकेतलं ३ सेंटचं वॉशिंग्टनच्या मुखड्याचं लालसर तिकीट हवं, किंवा रोख भरल्याचा शिक्का, किंवा ५ सेंट येणे असल्याची खूण. तिकीट लावणं तेव्हा सक्तीचं नव्हतं. आगाऊ भरणा १ एप्रिल १८५५ पासून आणि तिकीट १ जानेवारी १८५६ पासून सक्तीचं झालं.

त्या तिकिटाला दाते नसतात, कात्रीने कापलेलं असतं. दात्यांची तिकिटं १८५७ ची. दाते असलेलं ३ सेंटचं तिकीट १८५२ च्या लिफाफ्यावर दिसलं तर पुढे काही बघायचं कारण नाही.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती शिक्क्यात. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन टपाल शिक्क्यांत गाव, महिना आणि दिवस असतो, साल नसतं. ‘५ एप्रिल’चा शिक्का १८५२ चा की १८५४ चा, हे शिक्क्यावरून कळत नाही. साल कळतं ते पत्राच्या मथळ्यावरून, किंवा मिळालेल्याने पाठीवर ‘अमक्याचं पत्र, तमक्या तारखेला पोचलं’ असं टिपून ठेवलं असेल तर त्यावरून. विकणारे याचाच फायदा घेतात : एका पत्राचा खरा लिफाफा आणि दुसऱ्याच पत्राचा कागद एकत्र लावतात.

यावर साधी परीक्षा घडीची. पत्र त्याच घड्यांवर दुमडून लिफाफ्यात सरकवा. सैल राहिलं, कड अडली किंवा एक घडी जास्तीची पडली, तर ते जोडपं एकमेकांचं नाही. मेणाच्या लाखेचा डाग, शाईचा उलटा उमटलेला ठसा, ओलीचा डाग आरपार एकाच जागी येतोय का, तेही पाहा.

शाईदौत

त्याला कागद-शाईचं जोडते, कारण हे प्रश्न भारतातल्या घरगुती पत्रसंग्रहांनाही तसेच्या तसे लागू आहेत.

१८५२ चा चांगला लिहायचा कागद चिंध्यांचा. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यानंतरचा, तो पिवळा पडून कडांनी मोडतो. पहिली तपासणी अतिनील दिव्याखाली, अंधाऱ्या खोलीत. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं निळसर-पांढरी चमकतात. जुना चिंध्यांचा कागद तसा चमकत नाही. मात्र दुरुस्तीसाठी मागून चिकटवलेला नवा कागद किंवा डिंक चमकू शकतो. तेव्हा चमक नेमकी कुठून येते ते बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

शाई बहुधा माजूफळ आणि लोहक्षाराची. लिहिताना फिकट, हवेत काळी होत जाते, मग शंभर-दीडशे वर्षांत तपकिरी. जिथे टाक दाबला तिथे कागद खाते. खोट्याची गंमत इथे उघडी पडते. जुन्या वहीचं कोरं पान फाडून त्यावर आज लिहिलं तर कागदाचं सरस-लेपन मरून गेलेलं असतं, आणि शाई तंतूंत केसासारखी पसरते. भिंगातून, दहापट पुरे, अक्षराची कड बघा. ताज्या लेपनावर लिहिलेल्या अक्षराची कड स्वच्छ असते.

दुसरी जागा घडीची. पत्र आधी लिहिलं जातं, मग दुमडलं जातं. म्हणून घडीवर शाई तडकलेली दिसते. घडीच्या भेगेत शाई उतरून दोन्ही बाजूंना पसरलेली दिसली, तर घडी आधीची आणि लेखन नंतरचं.

आणि शिळाछापाच्या प्रतिकृती. प्रसिद्ध माणसांच्या पत्रांच्या अशा प्रती त्याच शतकात भरपूर निघाल्या. त्यांत शाई सगळीकडे एकसारखी असते, टाक बुडवल्यावर गडद आणि मग फिकट होत जाणारा चढउतार नसतो, पाठीमागे टाकाचा दाबही उमटत नाही. घरात फ्रेम करून लावलेली ‘मूळ’ पत्रं पुष्कळदा हीच असतात.

मधुकर_ज

सगळं मान्य. पण भाव तर लींचाच आहे ना? कर्तव्याबद्दल ते आयुष्यभर बोलत आले. शब्द त्यांचे नसले तरी विचार त्यांचाच म्हणायला काय हरकत?

पत्रपारखी

मधुकरराव, हरकत आहे, आणि ती मोठी आहे. बनावट पत्र नेहमी लोकांच्या मनातल्या प्रतिमेशी जुळतंच. जुळावं म्हणूनच ते घडवलेलं असतं. त्यामुळे ‘शोभून दिसतं’ ही खरेपणाची कसोटी होऊच शकत नाही.

आणि इथे ते पुरतं शोभतही नाही. पत्राच्या शेवटी कर्तव्याचा दाखला म्हणून कनेक्टिकटच्या विधिमंडळाची गोष्ट येते. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा अंधार झाला. वणव्यांचा धूर आणि धुकं-ढग हे कारण आज मानलं जातं. लोकांना वाटलं प्रलय आला. सभा तहकूब करा म्हणून सूचना आली, तेव्हा स्टॅमफर्डचे डेव्हनपोर्ट म्हणाले, न्यायाचा दिवस आला असेल तर मी माझ्या जागेवर काम करताना सापडावं, मेणबत्त्या आणा. गोष्ट सुंदर आहे आणि घडलेली आहे. पण ती न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. व्हर्जिनियाच्या जमीनदार घराण्यातल्या बापाने मुलाला ‘त्या जुन्या प्युरिटनासारखा वाग’ म्हणून सांगावं, हा आवाज उत्तरेकडचा वाटतो. शिवाय पत्र म्हणतं की हे ‘जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी’ घडलं. १७८० ते १८५२ होतात ७२ वर्षं. लींसारख्या काटेकोर इंजिनियरच्या हातून असा ढोबळ हिशेब निघणं अवघड.

आता खरी पत्रं बघा. कस्टिस वेस्ट पॉइंटला असताना ली त्याला ‘मिस्टर बू’ म्हणून हाक मारतात, ते त्याचं लहानपणचं लाडकं नाव. मुलगा खिन्न झालाय हे कळल्यावर लिहितात की उदास विचार झटकून टाक, दिवसा स्वप्नं पाहत बसू नकोस, ज्या जगात राहतोस त्यात राहा, गोष्टी जशा आहेत तशा घे आणि त्यांतून चांगलं काढ. हा उपदेश एका विशिष्ट मुलाच्या विशिष्ट दुखण्यावर आहे. तो फळ्यावर लिहायला तितका झोकदार नाही, आणि म्हणूनच तो बापाचा वाटतो.

सुमेधा_क

मग हे वाचून शाळेतलं ‘लिंकनचं हेडमास्तरांना पत्र’ आठवणं साहजिक आहे. तेही यातच मोडतं का?

रुमाल३२

मोडतं. मराठी कवितारूपाने ते आपल्या शाळांच्या भिंतींवर आहे, भाषा देखणी आहे, पण लिंकनच्या हातचं तसं पत्र कोणाकडेही नाही. लिंकनच्या समग्र लेखनाचे मूळ आठ खंड १९५३ मध्ये निघाले, त्यांतही ते नाही. कविता म्हणून मुलांना जरूर वाचायला द्यावी, पण खाली ‘लिंकन’ अशी सही छापू नये.

पायदळ

खऱ्या पत्रांचा विषय निघालाच आहे तर सर्वांत महत्त्वाचं सांगायला हवं. २ जुलै १८५९ ला लींनी याच कस्टिसला लिहिलेलं पत्र. त्यात ते म्हणतात, न्यूयॉर्क ट्रिब्यूनने तुझ्या आजोबांच्या गुलामांशी मी कसा वागतो यावरून माझ्यावर हल्ला केलाय, पण मी उत्तर देणार नाही. आजोबांनी माझ्यामागे नकोसा वारसा ठेवलाय.

संदर्भ असा. लींचे सासरे जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस १८५७ च्या ऑक्टोबरात वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावं असं लिहिलं होतं, आणि चार नातींना प्रत्येकी १०,००० डॉलर द्यायचे होते. इस्टेटीवर कर्ज होतं. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायची होती लींनी. त्यांनी पैसा उभा करण्यासाठी त्या माणसांकडून काम करून घेणं चालू ठेवलं. त्या गुलामांची समजूत होती की मालक गेला म्हणजे आपण मोकळे. वेस्ली नॉरिस, त्याची बहीण मेरी आणि एक चुलतभाऊ पळाले, मेरीलँडमध्ये पकडले गेले. त्यांना फटके मारले गेले, असं ट्रिब्यूनमधल्या निनावी पत्रांत आलं. नॉरिसने स्वतः १८६६ मध्ये जी हकिकत छापून दिली तिच्यात पुरुषांना पन्नास आणि बहिणीला वीस फटक्यांचा हुकूम लींनी स्वतः उभं राहून दिल्याचं आहे. मुक्तीचा दस्त झाला तो २९ डिसेंबर १८६२ ला.

बापाने मुलाला लिहिलेल्या या एका ओळीत तक्रार आहे, अबोला आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या वेदनेचा एक शब्दही नाही. कर्तव्याचं बनावट पत्र दीडशे वर्षं पाठ केलं गेलं आणि हे अस्सल पत्र अभ्यासकांपुरतं राहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लींना समजून घ्यायचं असेल तर नॉरिसची हकिकत आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचायला हवं.

मधुकर_ज

हे ठाऊक नव्हतं. माझा वरचा प्रश्न मागे घेतो. खरी पत्रं वाचायची तर छापील संग्रहांवर किती विसंबावं?

पत्रपारखी

जपून. जुन्या संग्रहांत दोन खोडी असतात. घरच्या माणसाने किंवा भक्ताने संपादन केलं की न आवडणारा भाग गाळला जातो, तिथे फार तर एक आडवी रेघ दिसते, कधी तीही नसते. आणि दोन तारखांच्या पत्रांचे तुकडे एकत्र जोडले जातात. लींच्या धाकट्या मुलाने १९०४ मध्ये काढलेला आठवणींचा आणि पत्रांचा संग्रह प्रेमाने केलेला आहे, पण तो मुलाने निवडलेला बाप आहे.

म्हणून छापील मजकूर वाचताना तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : मूळ कुठल्या संग्रहात आहे, ते संपादकाने स्वतः पाहिलं की दुसऱ्या छापील प्रतीवरून घेतलं, आणि गाळलेल्या जागा दाखवल्यात का. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते पत्र उद्धृत करताना ‘छापील प्रतीवरून’ असं लिहावं.

आणि नवीन कागद अजून निघतात. लींची मुलगी मेरी हिने १९१७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या एका बँकेच्या तळघरात दोन पेट्या ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी ती वारली. पेट्या उघडल्या गेल्या २००२ मध्ये, आत घराण्याचे हजारो कागद. तिथूनही ५ एप्रिल १८५२ चं पत्र निघालं नाही.